प्रवाळाची टाकी : आधी हिशेब, मग खरेदी

घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळ ठेवण्याची काचेची टाकी मांडण्याचा शौक आता लहान शहरांतही पोहोचला आहे. शौक चांगला आहे, पण तो गोड्या पाण्याच्या फिश टँकसारखा नाही. इथे पाण्याचा तोल बिघडला की चार-आठ दिवसांत सारी टाकी मरते आणि घातलेली रक्कम पाण्यात जाते. बहुतेक गिऱ्हाईक दुकानातला रंगीत जीव पाहून आधी जीव पसंत करते, मग टाकी घेते आणि पाण्याचा व विजेचा विचार शेवटी करते. क्रम नेमका उलटा हवा. ताणा नीट लागल्याशिवाय कोणी बाणा टाकत नाही, तसेच हे आहे.

जागा आणि वजन

टाकी जितकी लहान तितकी स्वस्त, असे वाटते. पण थोड्या पाण्यात खारटपणा व उष्णता झपाट्याने बदलते, म्हणून नवशिक्याला फार लहान टाकीच अवघड जाते. २ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी बेताची होय. तिच्यात काठोकाठ सुमारे १२७ लिटर पाणी मावते. दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता १०० लिटर धरावे. पाणी, काच, दगड व स्टँड मिळून वजन २०० किलोच्या घरात जाते. म्हणून टाकी तुळईजवळ किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. खिडकीचे ऊन टाळावे.

काचकाम करणाऱ्या कारागिराने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन वापरू नये. तसेच तांब्या-पितळेची कोणतीही वस्तू पाण्यात येऊ देऊ नये. तांबे पाण्यात थोडे उतरले तरी प्रवाळ, गोगलगायी व कोळंबी मरतात.

पाण्याचा खर्च

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तयार मिठात थोडी ओल असते, म्हणून १०० लिटरला पावणेचार किलोच्या आसपास मीठ लागते. हे मीठ खास फिश टँकचेच हवे, स्वयंपाकाचे चालत नाही. किनाऱ्यावरचे पाणीही आणू नये. शहराजवळ ते घाण असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो.

दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचे धरले तर वर्षाला सुमारे १९ किलो मीठ लागते. मीठ कालवायचे पाणी शुद्ध हवे. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रातून येणाऱ्या पाण्यात थोडे क्षार राहतात. ते काढायला पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी लागते आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्य यावा लागतो. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी.

विजेचा खर्च

दिवा ८० वॅटचा, रोज ९ तास. पंप मिळून ३० वॅट, चोवीस तास. पाणी थंड करणारे चिलर १८० वॅटचे, उन्हाळ्यात रोज १२ तास. बेरीज रोजची ३.६ युनिट, महिन्याची १०८ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणावे.

पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे. ३० अंशांच्या वर ते दिवसेंदिवस राहिले तर प्रवाळाच्या अंगातील शेवाळ बाहेर पडते आणि तो पांढरा होऊन मरणपंथाला लागतो. मालेगावच्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला पंखा काही अंश उतरवतो. मुंबई-भिवंडीच्या दमट हवेत त्याचा गुण कमी. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवावा.

सबुरी

पाणी, दगड व वाळू घातल्यावर ४ ते ६ आठवडे टाकी जिवांविना चालवावी. या काळात अमोनियाचे स्रोत म्हणून थोडे खाद्य टाकतात. त्यावर वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच पहिला जीव आणावा. दुकानदार उद्याच मासे न्या म्हणत असेल, तर तो आपला माल खपवीत आहे असे समजावे.

कायद्याची बाजू

हे सर्वांत महत्त्वाचे. दगडी सांगाडा करणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप व फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडाही त्यात आहे. मेलेल्या प्रवाळाचा वाळका दगड विकणेही गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ वर्षांची, ७ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. मालवण असो वा लक्षद्वीप, समुद्रातून तोडून आणलेला तुकडा स्वस्त मिळाला तरी हात लावू नये. व्यापाऱ्याने तो दुकानात ठेवू नये.

मग टाकीत काय ठेवावे? कारखान्यात केलेला सिरॅमिकचा दगड, मशरूम व लेदर जातीचे मऊ प्रवाळ आणि टाकीत पैदा झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाची पैदास टाकीत करून दाखवली आहे. त्यासाठी समुद्र ओरबाडण्याची गरज नाही. त्याला घरी अ‍ॅनिमोनीही लागत नाही. प्रत्येक जिवाची पावती घ्यावी व जपून ठेवावी.

शेवटी एका कागदाच्या दोन बाजू कराव्यात. एकीकडे एकदाचा खर्च : टाकी, स्टँड, दिवा, पंप, चिलर, आरओ, तपासणीचे किट. दुसरीकडे महिन्याचा : मीठ, रेझिन, वीज, खाद्य. दुसरी बाजू आपल्या मिळकतीत सहज बसत असेल तरच काच कापायला सांगावी. बसत नसेल तर गोड्या पाण्याची टाकी मांडावी. तिच्यातही मन रमते, आणि मुके जीव नाहक मरत नाहीत.