उत्साहात पार न पडलेल्या बातम्या

दहावीच्या मराठीत बातमीलेखन असतं. विषय ठरलेले: वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन. मुलाने मथळा द्यायचा, त्याखाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ लिहायचं, गाव आणि तारीख घालायची आणि कार्यक्रम ‘मोठ्या उत्साहात’ पार पाडायचा. प्रमुख पाहुणे, त्यांचे दोन शब्द, आभारप्रदर्शन. झाली बातमी. तिच्यात नसते ती फक्त घडलेली घटना. पाहुणे मुलाच्या डोक्यातले, त्यांचं भाषणही त्याचंच. गुण मात्र चांगले मिळतात. मलाही मिळाले होते.

याच्या उलट रीत दुसरीकडे आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १० एप्रिल १९२६ रोजी हायस्कूलच्या मुलांसाठी ‘क्विल अँड स्क्रोल’ ही संस्था सुरू झाली. नावाचा अर्थ पिसाची लेखणी आणि कागदाची गुंडाळी. आजवर १४,००० हून अधिक शाळा तिच्या सभासद झाल्या, त्यांत अमेरिकेबाहेरच्याही आहेत. ही संस्था शाळकरी पत्रकारांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेते. बातमी, अग्रलेख, क्रीडावृत्त, शोधवृत्त, परीक्षण, छायाचित्र, व्यंगचित्र असे तिचे विभाग. यातली एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मजकूर आधी प्रसिद्ध झालेला हवा. स्पर्धेसाठी म्हणून बसून लिहिलेला निबंध इथे चालत नाही.

अट साधी दिसते, पण सगळा खेळ तिथेच बदलतो. छापून आलं म्हणजे ज्याचं नाव त्यात आहे त्याने ते वाचलं. खेळाच्या सरांनी वाचलं, कँटीनवाल्याने वाचलं. चूक असेल तर तो दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गाठणारच. परीक्षकाच्या हातात पडण्याआधीच बातमीची एक परीक्षा झालेली असते, आणि हा पहिला परीक्षक जास्त कडक असतो.

समजा, आपल्याकडच्या एखाद्या शाळेत स्वच्छता सप्ताह झाला. ‘सप्ताह उत्साहात साजरा’ हे कुणीही घरबसल्या लिहील. पण एखादी मुलगी वही घेऊन उठली आणि मुलींच्या स्वच्छतागृहांची दारं मोजून आली. चार दारं, दोनांना कडी नाही. मग तिने शिपाईमामांना विचारलं, कडी कधीपासून नाही. मुख्याध्यापकांना विचारलं, अर्ज केला होता का. त्यांनी सांगितलं, केलाय, मंजुरी यायची आहे. तिने अर्जाची तारीख मागून घेतली आणि मुख्याध्यापकांचं म्हणणंही बातमीत घातलं. बातमी आठ ओळींचीच. पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी जाऊन तपासू शकतं. पहिल्या बातमीत तपासण्यासारखं काय आहे? उत्साह?

‘क्विल अँड स्क्रोल’ काढण्यात पुढाकार होता जॉर्ज गॅलप या चोवीस वर्षांच्या तरुणाचा. निवडणुकीच्या सर्वेक्षणांमुळे जगाला ठाऊक झालेले गॅलप ते हेच. शाळेत असताना दूध घरोघर पोचवून मिळालेल्या पैशांतून या पोराने शाळेचं वर्तमानपत्र काढलं होतं. पुढे विद्यापीठाच्या ‘डेली आयोवन’चं संपादन केलं आणि १९२८ मध्ये पीएचडी मिळवली. प्रबंधाचा विषय होता: वर्तमानपत्रातलं लोक नेमकं काय वाचतात. त्यासाठी त्याने वाचकांसमोर अंक धरून पानागणिक विचारलं, हे वाचलंत का? पहिल्या पानावरच्या मोठ्या बातम्यांपेक्षा चित्रपट्ट्यांना जास्त वाचक निघाले. संपादकांना ते ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करावी. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून रूझवेल्ट हरणार असं सांगितलं. गॅलपनी त्यामानाने मूठभर माणसं नीट निवडून विचारली आणि बरोबर सांगितलं. मनानं ठरवू नका, जाऊन विचारा, हा धडा बहुधा दुधाच्या फेरीतच सुरू झाला असावा.

जाऊन विचारलं की काय होतं, ते कॅन्सस राज्यातल्या पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये २०१७ साली दिसलं. शाळेला नव्या मुख्याध्यापिका मिळाल्या होत्या. ‘बूस्टर रीडक्स’ या शाळेच्या वर्तमानपत्राची मुलं त्यांची ओळख करून देणारा साधा लेख लिहायला बसली. पदव्या एका खासगी विद्यापीठाच्या होत्या, म्हणून त्याचं संकेतस्थळ उघडायला गेली तर ते धड चालेना. मग मान्यता आहे का ते पाहिलं. तीही सापडेना. मुलांनी स्वतः मुख्याध्यापिकांशी बोलून त्यांची बाजू जाणून घेतली. वर्तमानपत्राच्या मार्गदर्शक शिक्षिका मुख्याध्यापिकांच्या निवड समितीत होत्या, म्हणून त्या या बातमीपासून बाजूला राहिल्या. एवढी काळजी आपल्याकडची मोठी वर्तमानपत्रंही दरवेळी घेत नाहीत. ३१ मार्चला बातमी छापली आणि आठवडा उलटायच्या आत मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला.

ही बातमी छापता आली, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकाशनांना संरक्षण देणारा कायदा कॅन्ससमध्ये १९९२ पासून आहे. अमेरिकेतही हे संरक्षण सहज मिळालेलं नाही. शेजारच्याच मिझुरी राज्यात हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९८३ मध्ये शाळेच्या ‘स्पेक्ट्रम’ या वर्तमानपत्रातली दोन पानं छापण्याआधीच काढून टाकली होती. किशोरवयीन मुलींचं गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट असे त्यांतल्या लेखांचे विषय होते. ‘स्पेक्ट्रम’चं काम करणाऱ्या मुली न्यायालयात गेल्या. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर काही राज्यांनी आपापले कायदे केले. गॅलपच्या आयोवाने १९८९ मध्ये केला.

आणि फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या मुलांचं काय सांगावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, १७ जण गेले. शाळेच्या ‘ईगल आय’ या वर्तमानपत्राने त्या सतराही जणांवर मृत्युलेख लिहिले आणि ते थेट पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारासाठी पाठवले. पुरस्कार मिळाला नाही. पण २०१९ चे पुरस्कार जाहीर करताना पुलित्झरच्या व्यवस्थापिकेने आधी त्या मुलांचा उल्लेख केला, मग विजेत्यांची यादी वाचली. आपल्याच बाकावरच्या मैत्रिणीचा मृत्युलेख लिहिताना तारखा आणि नावांची स्पेलिंगं तपासत बसलेली ती मुलं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आपल्याकडे हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं यांची परंपरा जुनी आहे. मुलं लिहीत नाहीत, असं अजिबात नाही. कविता, सुविचार, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ भरपूर असतात. बातमी मात्र शाळेच्या फाटकाबाहेरच थांबते, कारण बातमीला कुणीतरी विचारावं लागतं आणि कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. परदेशातल्या स्पर्धांत भाग घ्यायचा तर इंग्रजी लागतं, शिक्षकांचा वेळ लागतो. ते सगळ्यांना जमेल असं नाही. पण ‘क्विल अँड स्क्रोल’ची आधी प्रसिद्ध करण्याची अट जमण्यासारखी आहे.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांना एक विनंती. जूनमध्ये शाळा उघडली की भित्तिपत्रकाचा एक कोपरा बातमीसाठी राखून ठेवा. खरी घडलेली, दोन माणसांना विचारून लिहिलेली आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असलेली. मुख्याध्यापकांचं म्हणणं घ्यायला मात्र त्या मुलालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.