लेओव्हरला काकांकडे

तुमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा एक तरी नंबर असेल, ज्याचा डीपी तुम्ही कधी मोठा करून बघितलेला नाही. सेव्ह केलेलं नाव 'दुबईचे काका', 'लंडनची मावशी' किंवा नुसतंच 'बाबांचे ते'. लहानपणी त्यांनी आणलेलं चॉकलेट आठवतं, चेहरा आठवत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ते मागच्या रांगेत कडेला उभे असतात. मधे काहीतरी झालेलं असतं. काय झालं, ते तुम्हाला कुणी धड सांगितलेलं नसतं.

माझ्या फोनमध्ये ते 'दुबईचे काका' होते. राहतात खरं तर शारजात. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा, म्हणजे बाबांचा चुलतभाऊ.

गेल्या वर्षी मी एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जर्मनीत, लाइपझिगला होते. परतीचं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधताना एक पर्याय दिसला. फ्रँकफर्टहून रात्री निघायचं, सकाळी सातला दुबई आणि तिथून रात्री दोनला मुंबईचं विमान. मधले एकोणीस तास. होस्टेलवरचे सगळे म्हणाले, घेऊ नकोस, वेडी होशील. मी घेतलं, कारण ते सात हजारांनी स्वस्त होतं. काका डोक्यातही नव्हते, हे आधीच कबूल करते. लेख लिहिताना आपण उगाच थोर होतो.

आईला तिकीट पाठवलं तर तिचा एका ओळीचा मेसेज आला : 'तिथे तुझे काका आहेत. जमलं तर जा. बाबांना आत्ता सांगू नको.'

आमच्या घरातला वाद अगदी घराघरातला आहे. देवरुखजवळ गावी सामाईक बारा गुंठे, त्यात सात-आठ कलमं. बाबांना तो तुकडा विकून घराचं छप्पर करायचं होतं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्यात. जो परदेशात असतो त्याला तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं लागतं. काकांनी ते पाठवलं नाही. मग फोनवर भांडण. मग २०२० च्या एप्रिलमध्ये आजोबा गेले आणि काकांनी ग्रुपवर हात जोडलेली इमोजी आणि फुलं टाकली. फोन केला नाही. बाबा ते विसरले नाहीत. 'विमानं बंद होती हे मलाही कळतं. फोन तर चालू होते ना?' हे वाक्य आमच्याकडे दर गणपतीत एकदा होतंच.

तर अशा माणसाला पहिला मेसेज कसा करायचा? मी पाच ड्राफ्ट केले. एकात 'हाय काका', एकात 'सा. न. वि. वि.', खरंच. शेवटी पाठवलं ते एवढंच : 'काका, मी आप्पांची नात. तीन तारखेला सकाळी सात ते रात्री दोन दुबईत आहे. तुम्हाला जमणार असेल तर भेटायला आवडेल.' आजोबांना गावात आप्पा म्हणायचे. हा मार्ग मी तुम्हालाही सुचवेन. आईबाबांचं नाव पुढे करण्याऐवजी असं नाव घ्या, ज्याच्याशी समोरच्याचं भांडण झालेलं नाही. आणि वेळ स्पष्ट सांगा. 'कधीतरी भेटू' म्हटलं की समोरचाही 'हो हो, नक्की' म्हणतो आणि दोघंही सुटतात.

दोन मिनिटांत ब्लू टिक. मग चाळीस मिनिटं 'टायपिंग...' दिसायचं आणि जायचं. मग उत्तर : 'ये. मासे खातेस ना?'

आता थोडं कामाचं, कारण हे तुम्हालाही लागणार आहे. दुबईतून बाहेर पडायला ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो ४८ तासांचा आणि ९६ तासांचा असतो, आणि तिथल्याच विमान कंपनीमार्फत निघण्याआधी काढावा लागतो. पोहोचल्यावर बघू, असं चालत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर मोठी बॅग सहसा थेट मुंबईला जाते. चेक-इनला विचारून घ्या आणि एक ड्रेस पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. मी ठेवला नव्हता. थंडीतले बूट आणि लोकरी स्वेटर घालून मी शारजात उतरले.

दुसरी गोष्ट, भेटवस्तू. रिकाम्या हाताने जाऊ नको, हे आईने तीनदा सांगितलं होतं. काकांना अनारसे फार आवडायचे, हेही तिनेच सांगितलं. लाइपझिगमध्ये अनारसे कुठून आणणार? पण जर्मन बेकरीत खसखशीचा केक मिळतो, 'मोनकूखन'. काळाभोर, खसखशीचा जाड थर. मला वाटलं, काय भारी आयडिया आहे! चांगला अख्खा केक घेतला. फ्रँकफर्टच्या गाडीत शेजारी केरळचा एक सीनियर होता, त्याच्या घरचे सगळे आखातात. त्याने डबा बघितला आणि म्हणाला, 'तू हे दुबईला नेतेयस? खसखस?' तिथे खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या यादीत मोडते. आम्ही दोघांनी तो केक फ्रँकफर्टच्या स्टेशनवर बसून संपवला. तेव्हा अनारसे, खसखशीच्या वड्या, खसखस घातलेला मसाला यातलं काहीही घेऊन तिकडच्या नातेवाइकांकडे जाऊ नका, लेओव्हर असला तरी. मी शेवटी चॉकलेटं नेली. म्हणजे वीस वर्षांनी तीच उलटी गेली.

काकू घ्यायला आल्या होत्या. रमजान चालू होता, काका कामावर. तिथे रमजानमध्ये खासगी नोकरीतही रोजचे दोन तास कमी होतात, त्यामुळे ते दुपारीच सुटणार होते. पहिले काही तास सांगते, प्रचंड ऑकवर्ड. काकू विचारायच्या, 'प्रवास बरा झाला?' मी म्हणायचे, 'हो.' हे चार वेळा. मग त्यांनी सुरमई काढली आणि म्हणाल्या, इथे हिला किंगफिश म्हणतात आणि अरब लोक कनाद. मी कांदा चिरायला घेतला. चिरता चिरता बोलणं सुरू झालं. समोरासमोर सोफ्यावर बसून जे होत नाही ते ओट्यापाशी उभं राहून होतं, बघा कधी. खिडकीत रंगाच्या बादलीत तुळस होती, फ्रीजच्या दारात कोकमाचं आगळ. अठ्ठावीस वर्षं झाली तरी देवरुख तिथेच होतं.

दुपारी काका आले. मला बघून म्हणाले, 'आलीस गो?' आणि बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

जेवल्यावर त्यांनी मला दुबईच्या खाडीवर नेलं. तिथे 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या आहेत, एका दिरहमात पलीकडे नेतात. १९९६ मध्ये एसी मेकॅनिक म्हणून आले तेव्हा सुट्टीच्या दिवशी ते इथे बसून आप्पांना पत्र लिहायचे. एजंटाला द्यायचे पैसे आप्पांनीच उभे केले होते, आजीच्या पाटल्या गहाण ठेवून. मला हे बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

'मग ते गेले तेव्हा फोन का नाही केलात?' मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

काका म्हणाले, 'तेरा दिवस रोज लावला. तुझ्या बाबाचा फोन सतत बिझी. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तर इथून लागतच नाही. म्हटलं, बोलायचं नसेल त्याला.'

इथे मला थांबावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचं खरं आहे. यूएईत मेसेज जातात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हॉइस वा व्हिडिओ कॉल होत नाहीत. तिथले लोक बोटिमसारखी वेगळी अ‍ॅप वापरतात. 'तो कधी व्हिडिओ कॉलसुद्धा करत नाही' ही तक्रार कित्येक घरांत असेल आणि त्यातली अर्धी निव्वळ याच कारणाने असेल. पण साधा फोन? तेरा दिवस बिझी?

मी नववीत होते. जमिनीवरून फोनवर भांडण झालं त्या रात्री बाबांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, 'हा नंबर ब्लॉक कसा करतात गं?' त्यांना जमत नव्हतं. मी दोन सेकंदांत करून दिला. पुढे त्यांनी फोन बदलला तेव्हा सगळा डेटाही मीच हलवला, जसाच्या तसा, ब्लॉक लिस्टसकट. बाबा ते विसरून गेले होते. मीही. ब्लॉक केलेल्या नंबरवरून फोन लावला की पलीकडे बऱ्याचदा नुसतं बिझी लागतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. आपण सगळ्यांनी ते दोन्ही बाजूंनी अनुभवलेलं आहे.

होडीत मी काही बोलले नाही. रात्री विमानतळावर सोडायला निघाले तेव्हा गाडीत सांगितलं. काका सिग्नलपर्यंत गप्प. मग म्हणाले, 'तू केलंस होय? मग तूच काढ.'

सगळ्या भेटी अशा होत नाहीत, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. माझी एक मैत्रीण मँचेस्टरला शिकते. सुट्टीत घरी येताना ती मुद्दाम आधी लंडनला गेली, आईच्या मामेबहिणीला भेटायला. बसने पाच तास. मावशींनी चहा दिला, बिस्किटं दिली, मुलाची पियानोची सर्टिफिकेटं दाखवली आणि विसाव्या मिनिटाला घड्याळ बघितलं. 'वाईट नव्हत्या गं त्या. त्यांना मी लागतच नव्हते,' ती म्हणाली. दुसरा मित्र टेक्सासला एमएस करतो. मुंबईत उतरून अमरावतीला जाताना तो नाशिकला आईच्या मावशीकडे दोन दिवस थांबला. पहिल्या दिवशी आजींनी पगार विचारला, दुसऱ्या दिवशी मुलगी सुचवली. तरी पुढच्या वेळी पुन्हा थांबणार म्हणतो. आजींचे ऐंशीच्या वरचे किस्से त्याने फोनवर रेकॉर्ड केलेत आणि अजून त्या १९७२ च्या दुष्काळापर्यंतच आल्या आहेत.

आणि हो, मध्यस्थी करायला म्हणून जाऊ नका. मी शारजात बारा गुंठ्यांचा विषय काढला नाही. ते माझं काम नव्हतं आणि मला त्यातलं कळतही नाही.

मुंबईत बाबा घ्यायला आले होते. त्यांना मी पनवेल येईपर्यंत सगळं सांगितलं, कारण तिथून पुढे त्यांना गाडी चालवताना बोललेलं आवडत नाही. ब्लॉकचंही सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. वडखळला वडापावला थांबलो तेव्हा फोन माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः चटणी आणायला उठून गेले. मी नंबर काढला.

गावी पोचलो तो शिमगाच होता. काकूंनी एक पाकीट दिलं होतं, पालखीला नारळ ठेवायला. ते मी आजीला दिलं आणि पाटल्यांचं विचारलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, 'सोडवून आणल्यान की त्यानंच. दुसऱ्याच वर्षी.' मग हात पुढे केला. त्या पाटल्या मी रोज बघत होते.

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या अंगणात आली. मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. घरातल्यांची नावं झाली, मुंबईच्या चाकरमान्यांची झाली. मग बाबा पुढे गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. मानकऱ्यांनी काकांचं नाव घेतलं, दुबईला असतो म्हणाले, त्याच्या मुलाबाळांना सुखी ठेव म्हणाले, आणि सगळ्या अंगणाने 'होय महाराजा' म्हटलं. मी फोनवर रेकॉर्ड करत होते. तिथेच उभी राहून काकांना पाठवलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, 'ते बोटिम का काय म्हणालीस, त्याला पैसे पडतात का?'

मी म्हटलं, नाही. त्यांनी फोन पुन्हा माझ्याकडे दिला. डाउनलोडला अर्धा तास लागला, आमच्याकडे रेंज फक्त विहिरीजवळ येते. बारा गुंठे अजून सामाईकच आहेत.