आदिवासी आरोग्यसेवा आणि समाजातूनच घडलेला वैद्यक

आदिवासींच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे बहुधा रोग, कुपोषण आणि शासकीय योजना या अंगांनी केला जातो. सेवा देणारा माणूस कोणत्या समाजातून येतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कार्याच्या आधारे केला आहे.

डॉ. भारूड हे धुळे जिल्ह्यातील सामोडे गावचे, भिल्ल समाजातील. त्यांच्या जन्मापूर्वीच वडील वारले. आईने मोहाची दारू विकून संसार चालवला. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या आत्मकथनात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. नवोदय विद्यालयातून ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आले, डॉक्टर झाले आणि पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत गेले. यशोगाथा म्हणून एवढा भाग अनेकदा सांगितला जातो. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यापुढचे.

२०१९ मध्ये ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके सातपुड्याच्या डोंगरांत वसलेले आहेत. कोविडच्या काळात प्राणवायू बाहेरून येण्याची वाट पाहणे अशा जिल्ह्याला परवडणारे नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये तेथे हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प सुरू झाला आणि दुसऱ्या लाटेपूर्वी त्यात भर पडली. त्याचे तत्त्व सोपे आहे. दाबाखालील हवा झिओलाइटच्या थरातून सोडली की नायट्रोजन तेथे धरला जातो व प्राणवायू पुढे निघतो. वीज आणि देखभाल लागते, टँकरची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठी शहरे प्राणवायूसाठी धावाधाव करीत असताना या तयारीचे मोल सर्वांना कळले.

हा निर्णय ते भिल्ल आहेत म्हणून घेतला गेला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. प्राणवायूची गरज कोणत्याही डॉक्टरला कळते. परंतु दवाखान्यापर्यंतचे अंतर म्हणजे काय, हे त्या अंतराच्या दुसऱ्या टोकाला वाढलेल्याला अधिक कळते, असे मानण्यास जागा आहे.

औषधनिर्माणशास्त्राच्या क्षेत्रात याला समांतर उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. विराजुरी समाजातील फे मॅकमिलन या त्या देशातील पहिल्या नोंदणीकृत आदिवासी औषधनिर्मात्या. चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात त्यांनी आदिवासी विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्यसेवेसाठी घडवणाऱ्या जिरूवांग अभ्यासक्रमाचे संचालन केले. दुकानातील फळीमागून त्या वर्गात गेल्या, म्हणजे स्वतःसारखे आणखी अनेकजण तयार करण्याच्या कामाला लागल्या. आपल्याकडे ही दुसरी पायरी क्वचितच दिसते.

औषधनिर्मात्याला येथे कमी लेखून चालणार नाही. सिकलसेलच्या रुग्णाला दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया दीर्घकाळ, रोज घ्यावे लागते. अधूनमधून रक्ततपासणीही करावी लागते. वेदना थांबल्यावरही गोळी का घ्यायची, हे समजावून सांगणारा शेवटचा माणूस तोच असतो. ती समजूत भिलोरीत किंवा वारलीत घालता आली, तर औषध अर्धवट सुटण्याची शक्यता कमी होते.

हा विषय केवळ दूरच्या जिल्ह्यांचा नव्हे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार देशातील निम्म्याहून अधिक आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांबाहेर राहतात. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानात आणि शेजारच्या आरे वसाहतीत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. उपनगरातील महाविद्यालयांत अनुसूचित जमातींसाठीच्या जागांवर प्रवेश घेणारा विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो का आणि पुढे अध्यापनाकडे वळतो का, याची नोंद प्रवेशाच्या आकड्यांत होत नाही. ती विभागवार ठेवणे प्राध्यापकांच्या हाती आहे.