आधी सॅग मोजा, मग प्रीलोड फिरवा

मिरजोळ्याहून हातखंबा, पालीमार्गे आंबा घाट चढताना मोटारसायकल वळणात बाहेर ओढत असेल, तर टायरला दोष देण्याआधी तिचा सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोजावा.

कुठे मोजावे? मागे अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, टेल पॅनेलवर केलेल्या खुणेपर्यंत. पुढे फोर्कच्या उघड्या नळीची लांबी.

तीन मापे : (१) चाक अधांतरी असताना, (२) गाडी केवळ स्वतःच्या वजनावर उभी असताना, (३) चालक हेल्मेट-जॅकेटसह बसल्यावर. पहिल्यातून दुसरे वजा केले की मोकळ्या गाडीचा, तिसरे वजा केले की चालकासह सॅग मिळतो. सीलच्या घर्षणाने सस्पेन्शन अडते. म्हणून गाडी एकदा दाबून, एकदा उचलून सोडावी आणि सरासरी घ्यावी.

चालकासह सॅग किती असावा? रस्त्यावरच्या गाडीसाठी सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११ची मागची हालचाल १८० मिमी आहे, म्हणजे ४५ ते ६० मिमी.

परिणाम : मागची बाजू जास्त दबली की फोर्क अधिक कलतो, ट्रेल (सुकाणूचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून पुढच्या टायरच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर) वाढतो, गाडी सावकाश वळते, हेडलाइटचा झोतही वर जातो. मागची बाजू उंच झाली तर ती चटकन वळते, पण वेगात अस्थिर होऊ शकते.

लक्षात ठेवा : प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाने, उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. चालकासह सॅग बरोबर, पण मोकळ्या गाडीचा जवळपास शून्य असेल, तर स्प्रिंग चालकाच्या वजनाला नरम आहे, ती बदलावी.