उरणच्या हवेत फोटोंची सीडी

1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्याआधीची भातशेती, मिठागरं आणि जुन्या शेवा गावातली लग्नं उरणच्या कितीतरी घरांत निगेटिव्हवर आहेत. पुढे लॅबवाल्यांनी रोल स्कॅन करून सीडी दिल्या आणि निगेटिव्हचं पाकीट माळ्यावर गेलं. आता आधी सीडीकडे बघायला हवं.

सीडी म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. लॅबमध्ये लिहिलेल्या सीडीत तिच्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर बहुधा चांदीचा चकचकीत थर आणि सगळ्यात वर लाखेसारखं पातळ आवरण असतं. लेझर रंगद्रव्य तापवून त्यात खुणा करतो. वाचताना याच खुणांवरून परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो. म्हणजे फोटो असतात ते लेबलाच्या अगदी खाली. खालच्या बाजूचा बारीक ओरखडा बहुतेक वेळा निभावतो, लेबलावर बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव मात्र थेट फोटोंवर उठतं. आणि आवरणाला कडेला फट पडली, की खाडीकडची दमट हवा चांदीपर्यंत पोचते. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथली चांदी गेली.

तरी सीडी चालते, कारण माहितीसोबत चुका दुरुस्त करणारे जादा अंकही लिहिलेले असतात. ते पुरेनासे होईपर्यंत बिघाड कळत नाही, मग एकाएकी फाइल उघडत नाही. म्हणून चालतेय तोवरच कॉपी करा. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यावर लावून बघा. सगळ्या फाइल्स हार्डडिस्कवर घ्या, दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा.

पण निगेटिव्ह टाकू नका. 36 बाय 24 मिलिमीटरची फ्रेम 2400 डीपीआयने स्कॅन केली तर सुमारे 77 लाख पिक्सेल मिळतात, म्हणजे न दाबता 23 एमबी. 700 एमबीच्या सीडीत 36 फोटोंचा एक रोलही मावत नाही. म्हणूनच लॅबवाले लहान, दाबलेली जेपीईजी देत. मोठी, स्वच्छ प्रत पुन्हा हवी असेल तर ती निगेटिव्हमधूनच निघेल. पट्ट्या कडेला धरून कागदी पाकिटात घाला, पाकिटं सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळा सरला की जेल बदला.