विजेच्या मीटरची वही

राजारामपुरीच्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पूर्वी महिन्यातून एकदा मीटर वाचणारा माणूस या गल्ल्यांतून फिरायचा. जिन्याखालच्या पेटीवर बॅटरी मारायचा, आकडा लिहून घ्यायचा, आणि दार बंद असेल तर सरासरीचे बिल यायचे. पुढे तो मोबाईलवर फोटो काढू लागला. आता नवा मीटर बसलेल्या घरी त्याने येण्याचीच गरज उरलेली नाही. मीटर आपला आकडा आपणच कळवतो. या मीटरविषयी गावोगावच्या पारावर आणि मोर्च्यांतून पुष्कळ बोलले गेले आहे. पण बोलणे बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते, मीटर जोरात पळतो की काय? आज मला तुमच्याशी दुसऱ्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. हा मीटर लिहून काय ठेवतो, आणि ती वही कुणाची?

जुन्या चकतीच्या मीटरला आठवण नव्हती. चकती फिरे, आकडा पुढे सरके, एवढेच. वीज दिवसा जळाली की रात्री, हे त्याला ठाऊक नसे. नव्या मीटरच्या पोटात घड्याळ आहे आणि स्मरणही आहे. दर पंधरा मिनिटांनी किंवा दर अर्ध्या तासाने तो वापराची नोंद करतो आणि मोबाईलच्या जाळ्यातून अथवा रेडिओलहरींनी ती दूरच्या संगणकाकडे पाठवतो. हिशेब करून पाहा. अर्ध्या तासाची एक नोंद धरली, तर दिवसाच्या अठ्ठेचाळीस आणि तीस दिवसांच्या १४४० नोंदी होतात. जिथे महिन्याला एक आकडा होता, तिथे आता चौदाशे चाळीस आहेत.

एवढ्या आकड्यांतून काय कळते? दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते. रात्रभर नुसता फ्रिज चालू असेल तर त्याच अर्ध्या तासात युनिटचा अगदी लहानसा अंश. म्हणजे आकड्यांचा आलेख काढला, तर पहाटे किती वाजता घर उठले ते दिसते. माणसे कामावर कधी गेली, रात्रपाळी कुणाची आहे, हेही अंदाजाने कळते. आणि चैत्रात सगळे घर जोतिबाच्या यात्रेला गेले असेल, तर आलेख सपाट होतो. अर्ध्या तासाच्या नोंदीवरून तुम्ही कोणता कार्यक्रम पाहिलात हे कळत नाही, तशी भीती घालणारे जरा वाढवूनच सांगतात. परंतु नोंद जितकी बारीक, तितके घर उघडे. अमेरिकेत जॉर्ज हार्ट या संशोधकाने १९८०च्या दशकातच दाखवून दिले होते, की एकाच ठिकाणी विजेचे बारीक मोजमाप घेतले, तर घरात कोणते उपकरण केव्हा सुरू झाले हे ओळखता येते.

म्हणूनच नेदरलँड्समध्ये सरकारने असे मीटर सक्तीचे करायचे ठरवले, तेव्हा २००९ साली तिथल्या वरिष्ठ सभागृहाने ते विधेयक अडवले. कारण दराचे नव्हते, घरच्या खासगीपणाचे होते. पुढे मीटर नाकारण्याची मुभा देऊनच कायदा झाला.

आपल्याकडे वादाचा रोख वेगळा राहिला. केंद्र सरकारने २०२१ मध्ये देशभर पंचवीस कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. आधी पैसे भरा, मग वीज, ही कल्पना महाराष्ट्रात कुणाला रुचली नाही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना यांनी विरोधाची मोहीम उघडली. जून २०२४ मध्ये, सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. त्यानंतर महावितरणने टीओडी मीटर या नावाने मीटर बसवणे सुरू केले. बिल मात्र पूर्वीसारखे वापरानंतर. टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांची सवलत जाहीर झाली. दर आणि सवलती बदलत असतात, तेव्हा आपल्या बिलावरच नजर ठेवावी हे बरे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: मीटर वेळ लिहून ठेवतो, म्हणून तर अशी सवलत देता येते. तीच नोंद तुम्हाला सवलत देते आणि तीच तुमचा दिनक्रमही सांगते.

मग ग्राहकाने काय करावे? आधी ती वही आपण वाचावी. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली. स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून निदान एकदा झाले पाहिजे आणि ती माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे, असे ती सांगते. २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक हत्यार दिले. वापरापेक्षा नोंद जास्त दिसते अशी तक्रार केली, तर कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून निदान तीन महिने ताळा घ्यायचा आहे. तेव्हा नुसते भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नवा मीटर कचेरीत बसून बंद करता येतो हे खरे, पण थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे वीज कायद्याचे ५६ वे कलम काही त्यामुळे रद्द झालेले नाही.

ही वही तिसऱ्याच्या हाती पडू नये यासाठी २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू करायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. मीटर बसवणारी आणि सांभाळणारी खासगी कंपनी वेगळी असते. तेव्हा आपली माहिती कुणाकडे राहते आणि किती दिवस, हे विचारण्याचा आपल्याला पुरता अधिकार असला पाहिजे, असे माझे मत आहे.

शेतकरी बंधू म्हणतील, आमच्या पंपाला मीटरच नाही, आम्हाला याचे काय? पण जिथे नोंद नाही, तिथे दुसऱ्याचा अंदाज तुमच्या नावावर चढतो. बिनमीटरच्या पंपांचा वापर फुगवून दाखवला जातो आणि त्यात गळती व चोरी झाकली जाते, हा आरोप वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे करत आली आहे. नोंद असणे वाईट नाही. ती एकट्या कचेरीच्याच हाती असणे वाईट.

शिक्षकांना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना रात्री दहाला आणि सकाळी सहाला घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहायला लावा, आठवडाभर. मीटर जुना असो की नवा, चालेल. वजाबाकी मुलेच करतील. ज्यांच्या घरी नवा मीटर आहे, त्यांनी तेच आकडे कंपनीच्या ॲपमधल्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि फरक आढळला तर तारखेसह लिहून ठेवावा.