कुकडीच्या रांजणांत डोकावताना

‘मॉल नको, रिसॉर्ट तर मुळीच नको,’ आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी जाहीर केलं, ‘निघोजच्या मळगंगेला जायचंय. गुडघे चालतायत तोवर.’ मग काय, फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला डोंबिवली सोडली. नवरा गाडी चालवणार, मागे आई, मी आणि आठ वर्षांची लेक. डब्यात धपाटे.

मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा आणि पुढे निघोज. एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त, त्यामुळे रविवारी दहाला उठणाऱ्यांनी नादच सोडावा. इथे कुकडी नदी अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते. देवीचं दर्शन झालं, नदीकडे वळलो आणि लेक ओरडली, ‘आजी, नदीला भोकं पडलीत!’

अगदी बरोबर! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, आणि त्यात कुंभाराने घडवावेत तसे रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे खळग्यात अडकतात, गरगर फिरतात आणि खडक कोरत जातात. शेजारचे रांजण झिजून एकमेकांत मिसळले की घळच तयार होते. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेले होते. आईंनी मात्र एका कोरड्या खळग्यातला गुळगुळीत गोटा उचलून नातीच्या हातात ठेवला, ‘हा बघ, पाण्याचा वरवंटा.’ झालं, माझं लेक्चर रद्द!

आता जे सांगतेय ते सांगायला लाज वाटते. फोटोसाठी मीच लेकीला म्हटलं, ‘अजून थोडी मागे हो,’ आणि तिचा पाय कडेवरून सटकला. आईंनी दंड धरून खेचलं. एक चप्पल खाली हिरव्या पाण्यात गेली. या रांजणांच्या भिंती गुळगुळीत. आत पडलेल्याला धरायला काहीच नाही. तेव्हा बूट घाला, मुलांचा हात सोडू नका, आणि पावसाळ्यात फक्त लांबून बघा. वरच्या अंगाला येडगावचं धरण आहे. पाणी सोडलेलं असेल तर पात्रात उतरूच नका.

परतताना माळशेजला चहासाठी थांबलो. लेकीच्या पायात आजीच्या चपला, आणि आजी अनवाणीच टपरीकडे निघालेल्या.

‘आई, तुमचे गुडघे?’

‘कुठले गुडघे? भजी सांग.’